गाडी सुरू करताना येणारा निळा धूर : निदानातील या चुका टाळा

सकाळी गाडी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट येतो, काही सेकंदांत विरतो आणि पुढचे काही दिवस दिसतही नाही. ही तक्रार घेऊन गॅरेजमध्ये येणारे बहुतेक जण निष्कर्ष आधीच काढून आलेले असतात : रिंगा (पिस्टनभोवतीची, ऑइल वर येऊ न देणारी कडी) गेल्या, इंजिन काढावे लागणार. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये शिरून जळते आहे, एवढे खरे आहे. परंतु ते कोणत्या वाटेने शिरते हे धुराच्या रंगावरून कळत नाही; ते धूर केव्हा येतो यावरून कळते. ही वेळ नोंदवण्याचा कंटाळा केल्यामुळे चांगली इंजिने विनाकारण उघडली गेलेली मी पाहत आलो आहे.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गरम झालेले इंजिन मेकॅनिकला दाखवणे. घरापासून गॅरेजपर्यंत मुंबईच्या रहदारीत तासभर गाडी चालवून आणायची, मेकॅनिकने उभ्या उभ्या रेस द्यायची आणि त्यावरून निर्णय करायचा, ही पद्धत या दोषाच्या बाबतीत निरुपयोगी आहे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरच्या झडपेच्या, दांड्यावर बसवलेले रबरी सील उष्णतेने कडक झाले, की इंजिन बंद असताना हेडमधील (सिलिंडरवरच्या झाकणासारख्या भागातील) ऑइल व्हॉल्व्ह गाइडमधून, म्हणजे तो दांडा ज्या नळीत सरकतो तिच्यातून, थेंबाथेंबाने खाली उतरते. रात्रभरात जे साचते ते सकाळी पहिल्या काही सेकंदांत जळून जाते आणि नंतर दिवसभर गाडी निर्दोष दिसते. म्हणूनच अशी गाडी मी संध्याकाळी ठेवून घेतो आणि सकाळी एक माणूस सायलेन्सरमागे उभा करून मगच सुरू करतो. मालकाला एक दिवस गाडीविना काढावा लागतो, यावरून अनेक जण नाराज होतात. परंतु ज्यांना एक रात्र थांबवत नाही त्यांना पुढे आठवडे थांबावे लागते.

मुलुंडच्या एका गृहस्थांच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्यांची पेट्रोल गाडी बहुधा शनिवार-रविवारीच बाहेर पडत असे आणि धूर कधी येई, कधी येत नसे. एका गॅरेजमध्ये गरम इंजिनाला रेस देऊन पाहिली गेली, ऑइलचे झाकण उघडल्यावर थोडी वाफ दिसली आणि तेवढ्यावर रिंगा बदलण्याचा निर्णय झाला. इंजिन उघडले गेले, मोठे बिल भरले गेले आणि गाडी घरी आल्यावर धूर पुन्हा दिसला. माझ्याकडे आल्यावर मी प्रथम गाडी कोठे उभी असते हे विचारले. सोसायटीत जागा मिळेल तशी ती कधी सपाट जागेत, तर कधी उतारावर तोंड खाली करून उभी राहत असे, आणि धूर उतारावरच्या रात्रीनंतरच येत असे. उतारावर हेडमधील ऑइल पुढच्या बाजूच्या व्हॉल्व्हपाशी साचत होते. प्लग काढले तेव्हा दोन प्लग ओलसर, काळपट निघाले. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबली जाऊन तयार होणारा दाब, मात्र चारही सिलिंडरचे व्यवस्थित होते. हेड उघडल्यावर दिसले, की आधीच्या कामात व्हॉल्व्ह बाहेर काढलेच नव्हते. जुने सील बोटांनी दाबले तरी वाकत नव्हते. सील बदलले आणि धूर थांबला. रिंगांवर झालेला खर्च परत मिळण्याचा प्रश्नच नव्हता.

रिंगांचा संशय असेल तर त्याची चाचणी सोपी आहे. कॉम्प्रेशन एकदा कोरडे मोजावे, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा लक्षणीय वाढला तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरच्या झिजेचा. कमी होता तसाच राहिला तर व्हॉल्व्हकडे वा गॅस्केटकडे पाहावे. ज्याच्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन गेज नाही त्याला इंजिन उघडू देऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्यावरही बरेच समजते. बोरघाट उतरताना अॅक्सिलरेटर सोडून गाडी गिअरमध्ये येऊ द्यावी आणि खोपोलीजवळ सपाटीला लागल्यावर तो दाबावा. त्या क्षणी मागे निळा लोट दिसला तर सील किंवा गाइड संशयित ठरतात. अंधेरीच्या कोंडीत बराच वेळ आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिन नुसते चालू) झाल्यावर निघताना येणारा धूरही पेट्रोल गाडीत तेच सांगतो. चढावर, भार असताना सतत येणारा धूर मात्र रिंगांकडे बोट दाखवतो.

जाड ऑइल भरून धूर दडवण्याचा उपाय मला मुळीच मान्य नाही. ज्या इंजिनाला कंपनीने ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितले आहे त्यात २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल भरले, तर धूर काही दिवस कमी दिसेलही. पण सुरू होताना ते ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज वाढते. बाटलीतल्या ‘धूर बंद’ औषधांबद्दलही माझे मत वेगळे नाही. दरम्यान जळणाऱ्या ऑइलमधील फॉस्फरस धुरातील विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करत राहतो, आणि त्याची किंमत सीलच्या किमतीच्या कित्येक पट असते.

पावसाळ्यातील सकाळची पांढरी वाफ निळा धूर समजू नये. ती पाण्याची असते आणि इंजिन तापल्यावर थांबते. ऑइल कमालखुणेच्या वर भरले असेल तर आधी ते काढावे. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनाच्या आत साचणारे वायू बाहेर काढणारी झडप) तुंबला आहे का हे इंजिनाला हात लावण्यापूर्वी पाहावे, कारण तो स्वस्त आहे आणि काही मिनिटांत बदलतो. टर्बो डिझेलमध्ये टर्बोची ऑइल परतीची नळी तपासावी. तळघरातील पार्किंगमध्ये धूर पाहण्यासाठी इंजिन चालू ठेवून उभे राहू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो. पीयूसी मिळाली म्हणजे इंजिन निर्दोष आहे, असेही मानू नये, कारण ती चाचणी तापलेल्या इंजिनावर होते.

सील बदलल्यावरही काही दिवस थोडा धूर येऊ शकतो, कारण सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑइल जळायचे बाकी असते. तेवढ्यात घाबरून दुसऱ्या गॅरेजमध्ये जाऊ नये. सपाट जागेत, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी, पातळी तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवावी आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहावी. पातळी खाली येत नसेल, तर उरलेला धूर सायलेन्सरमधील जुन्या ऑइलचाच आहे.