कोर्टाचं पत्र आलंय? आधी कुठल्या कोर्टाचं ते बघा

अमेरिकेत कोर्टाचं पत्र आलं की इथे नव्याने आलेली मंडळी आधी घाबरतात आणि लगेच ओळखीतल्या कुणाला तरी फोन लावतात. फोनच्या आधी पत्राच्या वरच्या ओळीत कोर्टाचं नाव वाचा. काय करायचं, वकील कुठला शोधायचा, हे सगळं त्या नावावर ठरतं.

आपल्याकडे तालुक्याचं कोर्ट, जिल्हा, हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट अशी एकच उतरंड. कायदा दिल्लीत झालेला असो की मुंबईत, दावा याच उतरंडीत चालतो. अमेरिकेत प्रत्येक राज्याची उतरंड निराळी आणि फेडरल म्हणजे केंद्र सरकारची निराळी. तुमचा संबंध बहुतेक राज्याच्या कोर्टाशीच येणार: स्पीडिंगचं तिकीट, घरमालकाने अडकवलेलं डिपॉझिट, घटस्फोट, मुलांचा ताबा. राज्याराज्यांतून जाणाऱ्या इंटरस्टेट हायवेवर पकडलं तरी तिकीट राज्याच्याच कोर्टात जातं. नावातल्या मोठ्या शब्दांवर मात्र जाऊ नका. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट ‘सुप्रीम कोर्टा’त होतो, कारण त्या राज्यात दावे सुरू होतात त्या कोर्टाचंच नाव ते आहे! गावाकडे फोनवर सांगताना जपून सांगा.

खरी गंमत नॅशनल पार्कात. योसेमिटीत गाडी दामटली किंवा हौसेने ड्रोन उडवला, तर रेंजर देतो ते तिकीट फेडरल असतं. योसेमिटीत त्यासाठी मॅजिस्ट्रेट जजचं कोर्टच आहे. तिकिटावर दोन चौकटी असतात: एकीत खूण असेल तर कोर्टात हजर राहावंच लागतं, दुसरीत असेल तर पैसे भरून सुटता येतं. कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघितल्याशिवाय तिकीट ड्रॉवरमध्ये टाकू नका.

फेडरल उतरंड तशी सुटसुटीत आहे. खाली ९४ डिस्ट्रिक्ट कोर्टं, मध्ये १३ अपिलाची कोर्टं, वर नऊ न्यायमूर्तींचं सुप्रीम कोर्ट. न्यू जर्सीचं अपील फिलाडेल्फियाला जातं, टेक्ससचं न्यू ऑर्लिन्सला, कॅलिफोर्नियाचं सॅन फ्रान्सिस्कोला. अशा प्रादेशिक कोर्टाचा निकाल त्याच्या हद्दीतल्या कोर्टांनाच बांधून असतो. म्हणून टेक्ससमधल्या डॅलसच्या मित्राच्या वकिलाने दिलेला सल्ला न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये लागू पडेलच असं नाही.

आता आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, व्हिसा. इमिग्रेशन कोर्ट या उतरंडीत बसतच नाही. ते न्याय खात्याच्या अखत्यारीत चालतं, तिथला जज त्या खात्याचा नोकर असतो आणि सरकार तुम्हाला फुकट वकील देत नाही. तिथे हरलात तर आधी बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्स, आणि त्यानंतर कुठे फेडरल अपिलाचं कोर्ट.

इमिग्रेशनचा अर्ज वर्षानुवर्षं लोंबकळत असेल तर मात्र थेट फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात मँडामसचा, म्हणजे सरकारी खात्याला त्याचं काम करायला लावण्याचा, दावा टाकता येतो. आपल्याकडे अशा रिटसाठी हायकोर्ट गाठावं लागतं, इथे सगळ्यात खालची पायरी पुरते. पण कोर्ट फार तर ‘निर्णय द्या’ एवढंच सांगतं. निर्णय तुमच्या बाजूने लागेल अशी हमी कुणी वकील देत असेल तर दुसरा वकील बघा.

कोर्टातले दावे किती रेंगाळतात ते एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरी करणाऱ्या बायकांना विचारा. त्यांच्या वर्क परमिटविरुद्ध २०१५ साली राजधानी वॉशिंग्टनच्या डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा पडला. तिथल्या अपिलाच्या कोर्टाने परमिट कायम ठेवलं ते २०२४ मध्ये, आणि पुढे सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायला घेतलं नाही. तोवर कित्येकींनी नोकरीबरोबरच ही टांगती तलवारही सांभाळली.

राहिली ज्युरी ड्युटी, म्हणजे सामान्य नागरिकाने खटल्यात पंच म्हणून बसणं. ड्रायव्हिंग लायसन्सच्या यादीतून नावं उचलली जातात तिथे एच-वन किंवा ग्रीन कार्डवाल्यांनाही पत्र येतं. ते फेकू नका. ‘नागरिक नाही’ यावर खूण करून परत पाठवा. चुकूनही ‘नागरिक आहे’ लिहू नका, त्यापायी देश सोडायची वेळ येऊ शकते. आणि ‘ज्युरीला आला नाहीत, वॉरंट निघालंय, गिफ्ट कार्डाने दंड भरा’ असा फोन आला तर तो भामट्याचा. कोर्ट फोनवर पैसे मागत नाही. वाद न घालता फोन ठेवा.