टॉवर नसलेल्या धावपट्टीवर रेडिओवर कसे बोलावे

नागपुरात सोनेगावच्या विमानतळावर टॉवर आहे. कोणी कधी उतरायचे हे तेथे नियंत्रक ठरवतो आणि वैमानिकाने सूचना नीट ऐकून ती परत म्हणून दाखवायची असते. पण विमान चालवायला शिकणारा विद्यार्थी विदर्भातल्या एखाद्या छोट्या, टॉवर नसलेल्या धावपट्टीवर सरावाला गेला, की क्रम लावून देणारे कोणी नसते. हवेत असलेली चार-पाच विमाने एकमेकांचे ऐकून आपला क्रम आपणच लावतात. म्हणून तेथे रेडिओवरचा शिष्टाचार हा सुरक्षिततेचाच भाग आहे, असे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी सांगतो.

सगळ्यात आधी हे समजून घ्यावे की विमानाचा रेडिओ टेलिफोनसारखा चालत नाही. एक जण बटण दाबून बोलत असतो तोवर त्या फ्रिक्वेन्सीवरच्या बाकी सर्वांना गप्प राहावे लागते, आणि दोघे एकाच वेळी बोलले तर ऐकणाऱ्याला बहुधा कर्कश शिट्टीखेरीज काही कळत नाही. 27 मार्च 1977 रोजी टेनेरीफला दाट धुक्यात दोन जम्बो विमाने धावपट्टीवर एकमेकांवर आदळून 583 माणसे गेली. टॉवरचे ‘टेक-ऑफसाठी थांबा’ हे शब्द आणि दुसऱ्या विमानाचे ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ हे सांगणे नेमके एकाच क्षणी झाले, आणि ज्या वैमानिकाला ते ऐकू जायला हवे होते त्याच्या कानी शिट्टीच पडली. त्या अपघाताच्या अनेक कारणांपैकी हे एक होते.

म्हणून धावपट्टीपासून दहा-एक मैलांवर असतानाच तिची फ्रिक्वेन्सी लावावी आणि लगेच बोलू नये. मिनिटभर ऐकावे. कोण डाउनविंडवर (धावपट्टीला समांतर, उतरण्याच्या उलट दिशेने) आहे, कोण फायनलवर (उतरण्यासाठी धावपट्टीच्या सरळ रेषेत), कोण जमिनीवर थांबले आहे, याचे चित्र मनात उभे राहिले की मगच बटण दाबावे, अर्धा सेकंद थांबावे आणि बोलायला सुरुवात करावी. घाई केली तर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द तर त्या ठिकाणाचे नाव असते. आधी ठिकाण, मग आपला कॉलसाइन (रेडिओवरचे विमानाचे नाव), आपण कुठे व किती उंचीवर आहोत, पुढे काय करणार, आणि शेवटी पुन्हा ठिकाण, असा क्रम ठेवावा. ठिकाण दोनदा सांगण्याचे कारण असे, की उंचावरून रेडिओ फार लांबवर पोहोचतो आणि तीच फ्रिक्वेन्सी दुसऱ्या धावपट्टीवरही वापरात असू शकते.

‘आणखी कोणी आहे का, कृपया सांगा,’ असे विचारू नये. विचारणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण त्यामुळे सगळे एकदमच उत्तर देऊ लागतात. मे महिन्यात हे फार जाणवते, कारण पारा 45 अंशांकडे सरकला की तापलेल्या विरळ हवेत छोट्या विमानाचे इंजिन आणि पंख दोन्ही मंदावतात, त्यामुळे प्रत्येकाला पहाटेचाच वेळ हवा असतो आणि सर्किट, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायची ठरलेली फेरी, भरून जाते. अशा वेळी गप्पा नकोत. ओळखीचा आवाज ऐकून ‘दादा, तुम्ही उतरा, मी मागून येतो’ असे मराठीत बोलण्याचा मोह होतो. पण केरळहून किंवा पंजाबहून शिकायला आलेल्या मुलाला त्यातून आपला क्रम कळत नाही. ठरलेली इंग्रजी वाक्येच वापरावीत. कोणाची चूक झाली तर हवेत रागावू नये, खाली उतरून चहा घेताना समजावून सांगावे.

माझ्या स्वतःच्या सुरुवातीच्या एका सोलो (एकट्याने केलेल्या) उड्डाणात हातात धरायचा माइक सीटच्या फटीत सरकला आणि त्याचे बटण दाबलेलेच राहिले. मला फक्त शांतता ऐकू येत होती, आणि आज सर्किट मोकळे आहे असे समजून मी बेसवर (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) वळलो, तर फायनलवर माझ्या खालून एक विमान चालले होते. त्याने आपली जागा सांगण्याचा प्रयत्न केला होता. माझ्या अडकलेल्या बटणाने त्याचा आवाज झाकला होता. म्हणून गजबजलेल्या वेळी फ्रिक्वेन्सी एकाएकी शांत झाली तर आधी आपला माइक तपासावा, रेडिओवर प्रक्षेपणाची खूण पेटलेली तर नाही ना ते बघावे. आणि काचेबाहेर पाहणे कधीही सोडू नये, कारण एखाद्याचा रेडिओ बंद पडलेला असू शकतो.

उतरल्यावर संपूर्ण विमान, शेपटीसकट, थांबरेषेच्या (धावपट्टीबाहेर विमाने जेथे थांबतात त्या रेषेच्या) पलीकडे गेले की मगच ‘धावपट्टी मोकळी’ असा कॉल द्यावा. फायनलवर असलेला वैमानिक उतरायचे की पुन्हा वर जायचे हे त्या कॉलवरून ठरवत असतो.