गॅस गिझर कुठे बसवावा आणि कसा वापरावा

नागपूरची थंडी येथील उन्हाळ्यासारखी लांबत नाही, पण जेवढे दिवस असते तेवढे दिवस चांगलीच बोचते. २९ डिसेंबर २०१८ रोजी शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, आणि डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली गेला तर येथे कोणाला नवल वाटत नाही. अशा सकाळी चार-पाच माणसांच्या आंघोळी एकापाठोपाठ उरकायच्या असल्या, की विजेच्या गिझरची टाकी अपुरी पडते आणि नळ उघडताच गरम पाणी देणारा गॅस गिझर सोयीचा वाटतो. ही सोय खरी आहे. परंतु गॅस गिझर म्हणजे भिंतीवर टांगलेली मोठी शेगडी होय, आणि दार-खिडकी लावून घेतलेल्या पाच बाय सातच्या खोलीत शेगडी पेटवून कोणी बसत नाही. गिझर कोणत्या कंपनीचा घेतला यापेक्षा तो कोठे टांगला, यावर घरातल्यांची सुरक्षितता अधिक अवलंबून असते. म्हणून खरेदीला जाण्याआधी जागा ठरवावी.

जागेला इतके महत्त्व का, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होईल. मिनिटाला सहा लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवणारा गिझर तासाला सुमारे एक किलो एलपीजी जाळतो. स्वयंपाकाच्या शेगडीच्या एका बर्नरच्या तुलनेत हे प्रमाण कित्येक पट आहे. एक किलो एलपीजी पूर्ण जळण्यासाठी सुमारे बारा ते तेरा घनमीटर हवा लागते. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि आठ फूट उंच बाथरूममध्ये एकूण हवाच जेमतेम आठ घनमीटर असते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत त्या खोलीतील जवळजवळ चौथा हिस्सा हवा ज्योतीतून जाते, आणि ज्योतीतून बाहेर पडलेली, प्राणवायू संपलेली हवा त्याच खोलीत राहिली तर पुढच्या दहा मिनिटांत तीच पुन्हा ज्योतीकडे येते. हवा पुरेशी असताना गॅसपासून कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते. प्राणवायू कमी पडू लागला की कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत की खोकला येत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो आणि शरीराचा प्राणवायूचा पुरवठा तोडतो. पुष्कळ घरांत असा समज असतो की काही बिघडले तर गॅसचा वास येईलच. तो समज चुकीचा आहे, कारण एलपीजीला वास यावा म्हणून त्यात मिसळलेले मर्कॅप्टन ज्योतीत जळून जाते. वास केवळ न जळलेल्या, गळणाऱ्या गॅसला येतो.

यात आणखी एक पेच आहे. गिझरची गरज सर्वाधिक ज्या दिवसांत असते, त्याच दिवसांत गार वारा येऊ नये म्हणून बाथरूमच्या झरोक्याला पुठ्ठा, थर्माकोल किंवा जुने कापड लावले जाते. उन्हाळ्यात निर्धास्तपणे वापरलेला गिझर जानेवारीत धोकादायक ठरतो तो यामुळे.

जागेची निवड

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि गरम पाणी पाइपने आत न्यावे. मोकळी गॅलरी, धुण्याभांड्यांची उघडी जागा किंवा घराची मागची भिंत, यांपैकी काहीही चालेल. मात्र वर पावसापासून आडोसा असावा आणि सोसाट्याच्या वाऱ्याचा थेट मारा नसावा, कारण वाऱ्याने ज्योत विझते किंवा वाकडी होऊन अर्धवट जळते. बाथरूमच्या किंवा झोपण्याच्या खोलीच्या खिडकीखाली तो लावू नये, नाहीतर बाहेर काढलेला धूर तेथूनच परत आत येईल. पाइप चार-सहा फूट लांबला तर गरम पाणी यायला काही सेकंद अधिक लागतात आणि पाइपला उष्णतारोधक वेष्टण घालावे लागते. याहून अधिक तोटा होत नाही.

मनीषनगर, बेसा या भागांतील फ्लॅटमध्ये बाथरूमची खिडकी बहुधा अरुंद डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीत, उघडते. अशा डक्टमध्ये गिझर टांगण्याचा मोह होतो, कारण तेथे तो कोणाच्या नजरेस पडत नाही. डक्ट खालून बंद असेल तर हवा खेळत नाही, आणि आपला धूर वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या खिडकीत शिरतो; म्हणून तो विचार सोडावा. महाल या जुन्या वस्तीतील घरांत मागच्या अंगणातले कौलारू न्हाणीघर फटींमुळे आपोआप हवेशीर असे, परंतु दुरुस्तीनंतर जिन्याखाली काढलेल्या बिनखिडकीच्या बाथरूमला तो न्याय लागू होत नाही.

बाहेर जागाच नसेल तर दोन पर्याय उरतात. एक, ज्वलनाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा बंदिस्त प्रकारचा गिझर, जो महाग असतो आणि ज्याच्यासाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडावे लागते. दुसरा, विजेचा गिझर. धूर बाहेर नेणारी नळी, म्हणजे फ्लू, नसलेला स्वस्त गॅस गिझर बाथरूमच्या आत लावणे हा पर्यायच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुकानदार म्हणतात की एक्झॉस्ट पंखा लावला की झाले. दाराला खाली जाळी किंवा फट नसेल तर पंख्याला बाहेर फेकायला हवाच मिळत नाही, आणि वीज गेली की पंखा थांबतो पण सेलवर पेटणारा गिझर चालूच राहतो. स्वयंपाकघरात नैसर्गिक फ्लूचा, म्हणजे पंख्याशिवाय आपोआप धूर बाहेर जाणारा, गिझर असेल तर ओट्यावरची चिमणी चालू असताना तो पेटवू नये. चिमणीच्या ओढीने फ्लूमधला धूर उलटा खोलीत येऊ शकतो.

खरेदी

एलपीजीवर चालणाऱ्या घरगुती गिझरसाठी आयएस १५५५८ हे भारतीय मानक आहे. आयएसआय चिन्ह आणि हा क्रमांक उपकरणावर छापलेला आहे का, ते पाहावे. ज्योत विझताच गॅस बंद करणारी यंत्रणा, पाणी प्रमाणाबाहेर तापल्यास बंद होणारी सोय आणि ठराविक मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमर, या तीन गोष्टी असाव्यात. प्राणवायू कमी झाल्यास बंद पाडणारा सेन्सर काही मॉडेलांत मिळतो, तो घ्यावा, पण त्याच्या भरवशावर गिझर बाथरूममध्ये टांगू नये. घरी पाइपने येणारा नैसर्गिक गॅस असेल तर त्यासाठीचेच मॉडेल मागावे; एलपीजीचे जेट (गॅस सोडणारे छिद्र) आणि दाब वेगळे असल्याने एकाचे उपकरण दुसऱ्यावर चालवता येत नाही.

पाण्याचा दाबही आधीच तपासावा. गिझर पाण्याच्या दाबाने पेटतो, आणि टाकीची उंची दर एक मीटरला सुमारे ०.१ बार दाब देते. टाकी थेट स्लॅबवर ठेवलेल्या एकमजली घरात हा दाब ०.२ बारच्या आसपासच भरतो आणि पुष्कळ मॉडेल पेटतच नाहीत. टाकी उंच चबुतऱ्यावर घेणे किंवा कमी दाबाचे मॉडेल निवडणे हा त्यावरचा मार्ग आहे.

जोडणी

गॅसची जोडणी एजन्सीच्या किंवा गिझर कंपनीच्या प्रशिक्षित कारागिराकडूनच करून घ्यावी. सिलिंडरांना परवानगी देणाऱ्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय, या दोन्ही संस्था नागपुरातच आहेत. तरीही आपल्या बाथरूममध्ये प्लंबरने कोणती नळी खुपसली हे पाहायला तेथून कोणी येणार नाही, ते आपल्यालाच पाहावे लागते.

सिलिंडर नेहमी उभा, जमिनीच्या पातळीवर आणि हवेशीर जागी ठेवावा. बाथरूममध्ये, बंद कपाटात किंवा खड्ड्यात कधीही ठेवू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खाली साचतो, आणि हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास पोहोचले तरी ठिणगीने पेट घेतो. शेगडीच्या रबरी नळीला मध्येच टी जोडून गिझरला फाटा काढणे ही सर्रास दिसणारी पद्धत धोकादायक आहे. गिझरसाठी स्वतंत्र सिलिंडर घ्यावा, किंवा दोन्ही उपकरणांना वेगवेगळे कॉक असलेली धातूची जोडणी एजन्सीकडून करून घ्यावी. रबरी नळी आयएस ९५७३ चिन्हाची, दीड मीटरपेक्षा लांब नसलेली आणि सबंध लांबीभर डोळ्यांना दिसणारी असावी. तिच्यावरची तारीख पाहून पाच वर्षांत, आणि चिरा दिसल्यास त्याआधीच, ती बदलावी. अंतर अधिक असेल तर तांब्याची किंवा जीआयची पक्की लाइन भिंतीवरून उघडी न्यावी. भिंत पार करताना तिला बाहेरून मोठ्या पाइपचे आवरण द्यावे आणि प्लास्टरखाली ती गाडू नये.

गिझर पक्क्या भिंतीवर, ज्योत दिसण्याची काच डोळ्यांच्या पातळीला येईल अशा उंचीवर लावावा. वर आणि बाजूला कंपनीने सांगितलेले अंतर मोकळे सोडावे, आणि त्याच्या वरच्या दोरीवर टॉवेल वाळत घालण्याची सवय घरात लागू देऊ नये. जोडणी पूर्ण झाली की रेग्युलेटर सुरू करून प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा दिसला तर गॅस बंद करून सांधा पुन्हा करवून घ्यावा. आगकाडी धरून गळती शोधणारा कारागीर दिसला तर त्याला तेथेच थांबवावे.

रोजचा वापर

प्रथम सिलिंडरचा रेग्युलेटर, मग गिझरचा कॉक, आणि शेवटी पाण्याचा नळ, या क्रमाने सुरू करावे. ज्योत निळी आणि स्थिर असावी. ती पिवळी, लांब किंवा फडफडणारी दिसली, काच काळवंडली किंवा पेटताना धप्प आवाज आला, तर बर्नर साफ करून घेईपर्यंत गिझर वापरू नये. नळाची धार बारीक केली की पाणी अधिक तापते, म्हणून लहान मुलांना आणि वृद्धांना धारेखाली उभे करण्याआधी पाण्यात स्वतःचा हात घालून पाहावा. बहुतेक गिझरांवर उन्हाळा-हिवाळा असा खटका असतो. मार्चनंतर तो उन्हाळ्यावर आणावा. काम झाल्यावर नळ बंद करावा आणि रात्री रेग्युलेटरही बंद करावा.

गिझर आधीच बाथरूमच्या आत बसवलेला असेल तर तो बाहेर हलवेपर्यंत एकच पद्धत पाळावी: दार आणि झरोका सताड उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, काही मिनिटे हवा खेळू द्यावी, आणि मगच आंघोळीला जावे. चालू गिझरखाली शॉवर घेऊ नये. एका माणसानंतर लगेच दुसरा, मग तिसरा, अशी रांग लागली तर शेवटच्याच्या वाट्याला सर्वांत वाईट हवा येते, आणि तो बहुधा घरातला सर्वांत लहान किंवा सर्वांत वृद्ध असतो. आतून कडी लावण्याऐवजी दार नुसते ओढून घ्यावे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बाथरूमच्या बाहेरच्या भागात लावावा. एलपीजी गळतीचा अलार्म हे वेगळे उपकरण असून ते जमिनीलगत लावतात, आणि एकाचे काम दुसरे करत नाही.

काही बिघडल्यास

आंघोळ करताना डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे किंवा पाय लटपटणे ही चिन्हे जाणवली तर कपड्यांचा विचार न करता बाहेर पडावे. आत कोणी उत्तर देत नसेल तर दार तोडून त्याला आधी मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. श्वास थांबला असेल तर, येत असल्यास, छातीवर दाब देणे सुरू करावे. रुग्णालयात पोहोचताच गॅस गिझर चालू होता हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे, कारण बाथरूममध्ये बेशुद्ध पडलेल्या माणसाला झटके आले असतील तर ते फेफरे समजले जाऊ शकतात. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर येथे फसवतो: कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही तो प्राणवायूयुक्त मानतो आणि आकडा ठीक दाखवतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर सुमारे तास-दीड तास. म्हणून माणूस शुद्धीवर आला तरी त्याला घरी झोपवून न ठेवता रुग्णालयात न्यावे.

गॅसचा वास आल्यास विजेचे कोणतेही बटण दाबू नये, चालूही करू नये आणि बंदही करू नये. रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर जाऊन १९०६ या गळती क्रमांकावर आणि गरज पडल्यास अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावा.

हंगामाआधी आणि नंतर

दरवर्षी दिवाळीच्या आसपास, थंडी पडण्यापूर्वी, सर्व्हिसिंग करून घ्यावी. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत तांब्याच्या नळ्यांत क्षार साचतात, पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि गिझर तापून बंद पडू लागतो. कारागिराकडून क्षार काढून घेतले की तो पूर्ववत चालतो. फ्लू असेल तर त्याचे तोंड दुर्बीण लावल्यासारखे नीट पाहावे, कारण गॅलरीतल्या कबुतरांना ती जागा घरट्यासाठी फार आवडते आणि काड्यांनी बुजलेला फ्लू सगळा धूर आत ढकलतो. थंडी संपल्यावर गिझर वापरायचा नसेल तर कॉक बंद करावा, आतले पाणी काढून टाकावे आणि सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते गळून खटक्याच्या पट्ट्या खराब करतात. गॅलरीतला सिलिंडर एप्रिल लागण्याआधी सावलीत हलवावा.