अरेंज कुठे आणि कसं वापरायचं

अरेंज म्हणजे फक्त 'नीट लावणे' असं धरून बसलं की इंग्लिश बोलताना अडायला होतं, तो अर्थ आहेच, कपाटात पुस्तकं ओळीने लावली तर 'आय अरेंज्ड द बुक्स', पण रोजच्या बोलण्यात जास्त लागतो तो दुसरा, सोय करणे किंवा ठरवणे. 'वी अरेंज्ड टू मीट ॲट सिक्स' म्हणजे सहाला भेटायचं ठरवलं.

खरी गोची इथे होते बघा. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला टॅक्सी सांगितलीय, तर आपण पटकन म्हणतो 'आय अरेंज्ड अ टॅक्सी टू पिक देम अप', हे चालतं, पण माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर मधे फॉर हवाच, 'आय अरेंज्ड फॉर माय ब्रदर टू पिक देम अप'. फॉर गाळून 'अरेंज्ड माय ब्रदर' म्हटलं की भावालाच कपाटात लावून ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून हे वाक्य दोन-चारदा मोठ्याने म्हणून बघाच.

आणि लिहिताना अरेंज मॅरेज नाही, अरेंज्ड मॅरेज, शेवटचा ड आपण बोलताना खातो. गाण्यात अरेंजर म्हणजे संगीत संयोजक, कुठलं वाद्य कुठे वाजणार ते ठरवणारा.