ई तिकीट सगळ्यांनाच हवं असतं, तुम्ही आधी ए गोळा करा

जुन्या थीम पार्कांची तिकिटं जमवू लागलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: डिस्नेलँडचं ई तिकीट कुठे मिळेल? मी त्यांना आधी मूठभर ए घ्यायला सांगते. बहुतेक जण नाक मुरडतात.

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमला जुलै १९५५मध्ये डिस्नेलँड उघडलं, तेव्हा फाटकाचं तिकीट वेगळं आणि आतल्या प्रत्येक खेळाचं वेगळं असायचं. ऑक्टोबरात ए, बी, सी अशा कुपनांची पुस्तकं निघाली. खेळ जितका मोठा, तितकं अक्षर पुढचं. पुढच्या वर्षी डी आलं. १९५९ साली मॅटरहॉर्नची घसरगाडी, पाणबुडी आणि मोनोरेल एकदमच सुरू झाल्या आणि त्यांच्यासाठी ई काढलं गेलं. ए म्हणजे मेन स्ट्रीटवरची घोड्यांची ट्राम, गोल फिरणारे लाकडी घोडे. ई म्हणजे ज्याच्यासाठी माणूस मुळात तिथवर जायचा. साहजिकच ई आधी संपायची आणि उरलेली ए-बी पर्समधून घरी येऊन कपाटात पडायची. १९८२मध्ये ही पद्धत बंद झाली, पण ती कुपनं अमेरिकेतल्या असंख्य घरांत तशीच राहिली. म्हणून ए आजही स्वस्त आहे आणि ई महाग. १९८३ साली अंतराळात झेपावताना अमेरिकी अंतराळवीर सॅली राइडनेसुद्धा त्या अनुभवाला ई तिकिटाचीच उपमा दिली. तेव्हा मागणी कमी होण्याची आशा धरू नका.

स्वस्त असल्यामुळे ए कुपनांची नक्कल करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. वेगवेगळ्या वर्षांची दहा-पंधरा अस्सल कुपनं हाताखालून गेली की कागदाची जाडी, शाईचा थर, आकड्यांची ठेवण बोटांना आणि डोळ्यांना कळू लागते. महागडं तिकीट समोर येईल तेव्हा हीच ओळख कामाला येते.

माझं आयुष्य छापखान्यात गेलं, त्यामुळे मी तिकिटावरचं किल्ल्याचं चित्र नंतर बघते, आधी आकडा बघते. जुन्या तिकिटांवरचे अनुक्रमांक नंबरिंग मशीनने मारलेले असायचे. या यंत्रातली आकड्यांची चाकं कागदावर दाबली जातात, त्यामुळे आकडा कागदात किंचित रुततो. तिकीट उलटं करा आणि विजेरीचा उजेड बाजूने तिरका पाडा. मागे हलकासा उठाव दिसला तर चांगली खूण. एखादा आकडा ओळीतून जरा वर-खाली असेल, एखाद्याची शाई जास्त बसली असेल, तर मला आनंदच होतो. आकडा बाकीच्या मजकुरासारखाच सपाट, त्याच शाईचा आणि त्याच धारेचा असेल तर शंका घ्या. एकाच क्रमांकाची दोन तिकिटं दोन विक्रेत्यांकडे दिसली तर शंका आणखी बळावते.

मग दहापट मोठं दिसणारं भिंग घ्या. अशा कुपनांवरचे रंग बहुधा सलग शाईने छापलेले असतात. हिरवा म्हणजे हिरवी शाईच. भिंगाखाली तो हिरवा निळ्या-पिवळ्या ठिपक्यांत फुटला, किंवा रंगाचे बारीक शिंतोडे उडाल्यासारखा दिसला, तर ती तिकिटाच्या फोटोची छपाई समजा. कडाही बघा. भोकांच्या रेघेवरून फाडलेल्या कागदाला तंतूंची लव सुटते. कात्रीने कापलेली कड गुळगुळीत असते. काही नकलांमध्ये भोकं नसतातच, भोकांची रेघ छापलेली असते! ती बघून मला हसू येतं, पण पैसे मोजलेल्या माणसाला येत नसावं.

अतिनील दिव्याचा उपयोग मर्यादित आहे. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात घालायची चमकद्रव्यं साधारण १९५०च्या दशकापासून सर्रास वापरात आली. असा कागद दिव्याखाली निळसर उजळतो. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या स्टीपलचेस पार्कचं १९१० सालचं म्हणून दाखवलेलं तिकीट असं उजळलं तर सरळ परत द्या. पण १९६५चं कुपन उजळलं किंवा नाही उजळलं, त्यावरून काहीच ठरत नाही.

जुन्या तिकिटांच्या आणि नकाशांच्या प्रतिकृती स्मरणवस्तू म्हणून उघडपणेही विकल्या गेल्या आहेत. त्यांत फसवणूक नाही. पाकीट किंवा मागची सूचना गळून पडते आणि तिसरा मालक ते ‘जुनं’ म्हणून विकतो, तिथे फसवणूक सुरू होते. यातली गंमत अशी, की १७ जुलै १९५५च्या निमंत्रितांसाठीच्या सोहळ्यालाच बनावट पासांवर पुष्कळ लोक आत घुसले होते. त्या दिवसाचा खोटा पास खरोखर त्याच दिवसाचा असेल, तर मी तो आनंदाने घेईन. मात्र ते सिद्ध करणं विक्रेत्याचं काम.

साल ओळखायचं कसं

कागदावर तारीख असेल तर प्रश्नच नाही. नसेल तेव्हा कुपनावरची खेळांची यादी वाचा. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ असेल तर कुपन १९६७च्या आधीचं नाही. ‘हाँटेड मॅन्शन’ असेल तर १९६९च्या आधीचं नाही. ‘स्पेस माउंटन’ कॅलिफोर्नियाच्या कुपनावर असेल तर १९७७ किंवा त्यानंतरचं. काय नाही तेही बघा: ‘नेचर्स वंडरलँड’ची खाणगाडी १९७७च्या सुरुवातीला थांबली, तिच्या जागी ‘बिग थंडर’ १९७९मध्ये आली. चंद्रावर नेणारा खेळ १९७५मध्ये मंगळावर जाऊ लागला, म्हणजे ‘फ्लाइट टू द मून’चं ‘मिशन टू मार्स’ झालं. दोन-तीन नावं जुळवली की साल चार-पाच वर्षांच्या आत येतं.

फ्लोरिडाच्या मॅजिक किंगडमनेही १९७१पासून ए ते ई अशीच पुस्तकं वापरली आणि घाईत दोन्हींची गल्लत होते. ‘हॉल ऑफ प्रेसिडेंट्स’ दिसलं की फ्लोरिडा. पाणबुडीच्या नावात ‘२०,००० लीग्स’ असेल तरी फ्लोरिडाच. टोकियोचं पार्क १९८३ साली उघडलं तेव्हा तिथेही कुपनं होती, पण ती जपानी मजकुरामुळे लगेच ओळखू येतात.

माहितीपत्रकांसाठी मला आवडणारी खूण म्हणजे तळाची बारीक ओळ. ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ हे कंपनीचं नाव १९८६मध्ये बदलून ‘द वॉल्ट डिस्ने कंपनी’ झालं. पत्त्यात पाच आकडी झिप कोड असेल तर कागद १९६३च्या मध्यानंतरचा, कारण अमेरिकेत तो तेव्हाच सुरू झाला. पार्कातल्या आगगाडीच्या नावात ‘सांता फे’ असेल तर १९७४पर्यंतचा. त्या नावाच्या रेल्वे कंपनीचं प्रायोजकत्व त्या वर्षी संपलं. प्रायोजकांची नावं हा कागदी संग्राहकाचा मोठाच आधार आहे. खेळ तोच राहतो, कंपन्या बदलत जातात.

नकाशांच्या बाबतीत मात्र सांभाळून. सॅम मॅककिम यांनी काढलेले डिस्नेलँडचे भिंतीवर लावायचे नकाशे १९५८पासून विक्रीला आले आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. या नकाशांत पुढे येणाऱ्या गोष्टीही रंगवलेल्या असायच्या. हाँटेड मॅन्शनची इमारत १९६३मध्ये उभी होती, आतला खेळ सहा वर्षांनी सुरू झाला. त्यामुळे तिकिटाला लावलेला नियम नकाशाला लावू नका. हे नकाशे घडी घातलेलेही मिळतात आणि गुंडाळलेलेही. घडीच्या चौकात, जिथे दोन घड्या छेदतात, तिथे भोक पडलं आहे का ते बघायला विक्रेत्याकडून मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागवा.

एक सल्ला माझ्या आवडीचा आहे, पटला तर घ्या. फक्त डिस्नेच्या मागे लागू नका. स्टीपलचेस पार्क १८९७ ते १९६४ चाललं. त्याची गोल, खेळागणिक भोक पाडलेली तिकिटं अमेरिकी तिकीट-छपाईतला देखणा प्रकार आहे. ब्राँक्समधलं फ्रीडमलँड १९६०ला उघडून १९६४ला मिटलं. सांता मोनिकाचं पॅसिफिक ओशन पार्क १९५८ ते १९६७. शिकागोचं रिव्हरव्ह्यू १९०४ ते १९६७. बंद पडलेल्या पार्कांच्या कागदाला मागणी कमी असते आणि अभ्यासाला वाव जास्त. टेक्सासचं सिक्स फ्लॅग्ज १९६१पासून एकाच तिकिटात सगळं दाखवायचं, त्यामुळे तिथली खेळांची कुपनं शोधत बसू नका. फाटकाची तिकिटं, नकाशे, पार्किंगचे कागद शोधा.

कुठे शोधायचं? ई-बेवर ‘विंटेज डिस्नेलँड तिकीट’ टाकलंत तर सगळ्या जगाबरोबर तुम्हीही तेच बघाल. ‘स्क्रॅपबुक’, ‘कॅलिफोर्निया सहल १९६२’, ‘कागदांचा लॉट’ असं इंग्रजीत टाकून बघा. विक्रेत्याला वहीत काय आहे ते नीट माहीत नसतं, आणि तिथेच कुपनं दडलेली असतात. मागितलेली किंमत वाचू नका, ‘विकले गेलेले’ हा पर्याय निवडून प्रत्यक्ष मिळालेली किंमत बघा. लिलावगृहांपैकी कॅलिफोर्नियातली व्हॅन ईटन गॅलरीज डिस्नेलँडच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध आहे. तिथे बोली लावायची ऐपत नसली तरी त्यांचे कॅटलॉग बघा, फोटो आणि वर्णनं फुकटचं शिक्षण आहे. डिस्नेखेरीज इतर पार्कांत रस असेल तर नॅशनल अम्यूझमेंट पार्क हिस्टॉरिकल असोसिएशन आणि सर्वच क्षणभंगुर कागदांसाठी इफेमेरा सोसायटी ऑफ अमेरिका, या दोन संस्थांची माणसं प्रश्नाला उत्तर देतात, हा माझा अनुभव.

कोरं, एकही कुपन न फाडलेलं पुस्तक सगळ्यांना हवं असतं आणि त्याची किंमतही तशीच असते. मला मात्र अर्धं वापरलेलं आवडतं. कोणती कुपनं राहिली यावरून त्या कुटुंबाचा दिवस कळतो. बी आणि सी संपलेली आणि दोन डी शिल्लक असतील तर सोबत लहान मूल असणार असा माझा अंदाज, आणि कोणी खोडून काढेपर्यंत मी तो सोडणार नाही. मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेला हिशेब विक्रेते ‘दोष’ म्हणून सांगतात. असा दोष बिनधास्त घ्या. टाळायचं ते वेगळं: चिकटपट्टी, ओल लागून उठलेले डाग, आणि लॅमिनेशन. लॅमिनेट केलेलं तिकीट फुकट मिळालं तर ठेवा, त्याला पैसे देऊ नका.

जपणूक

इथे हयगय नको. मऊ, वासाचे प्लॅस्टिकचे कप्पे बहुधा पीव्हीसीचे असतात. कालांतराने ते चिकट होतात आणि शाई ओढून घेतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे घ्या, ‘आम्लमुक्त’ असं लिहिलेला जाड कागद पाठीला लावा. कप्पा तिकिटाहून थोडा मोठा हवा. घट्ट कप्प्यातून काढताना कोपरे दुमडतात. रबर बँड, क्लिपा, गोंदाची पानं असलेले अल्बम, हे तिन्ही घराबाहेर.

पुस्तकाची पिन गंजली असेल तर उचकटू नका. पिनेभोवतीचा कागद तोवर इतका कमकुवत झालेला असतो की पिनेबरोबर तोही येतो. पिनेच्या खाली-वर पातळ आम्लमुक्त कागद सरकवा आणि पुस्तक कोरड्या जागी ठेवा. सापेक्ष आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास, तापमान माणसाला सुखाचं, आणि दोन्हींत चढउतार कमीत कमी. पोटमाळा आणि तळघर दोन्ही वाईट.

जुन्या वहीत डकवलेली कुपनं पाण्यात भिजवून सोडवायचा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. ऐकू नका, तिकिटांच्या शाया पाण्यात पसरू शकतात. आधी अख्ख्या पानाचा फोटो काढा, कारण शेजारचा फोटो आणि खालची ओळ हाच कुपनाच्या मूळ मालकीचा पुरावा. एकदा सोडवलं की तो गेला. मी तर पूर्ण पानच जपते.

भिंतीवर लावायची हौस असेल तर रंगीत प्रत काढून ती लावा, मूळ अंधारात ठेवा. अतिनील किरण अडवणारी काचही उजेडाने होणारी झीज थांबवत नाही, फक्त मंद करते. आणि अलीकडच्या दशकांतली उष्णतेने छापलेली तिकिटं आधी स्कॅन करा. गरम जागी ती काळवंडतात, पीव्हीसीला लागली तर अक्षरं उडतात आणि चांगल्या कप्प्यातही हळूहळू फिकी पडतात. स्कॅन दोन्ही बाजूंचं, ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), कडा न कापता. तिकिटावर काहीही लिहू नका. खरेदीची तारीख, कोणाकडून, कितीला आणि साल कशावरून ठरवलं हे वेगळ्या चिठ्ठीवर मऊ पेन्सिलीने लिहून कप्प्यामागे सरकवा.