ऑटिझमचं ट्रेनिंग ठेवताय? मग या चुका टाळा

शाळा, हॉस्पिटलं, पोलीस, बँका, सगळीकडे आता ऑटिझमवर (स्वमग्नतेवर) वर्कशॉप व्हायला लागलेत. चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम २१ प्रकारांमध्ये आहे, आणि त्याच कायद्याचं कलम ४७ सांगतं की शिक्षक, डॉक्टर, नर्स, पोलीस, वकील, न्यायाधीश, अगदी पंचायत सदस्यांच्या सुद्धा प्रशिक्षणात दिव्यांगत्वाचा विषय यायला हवा. म्हणजे हे काही कुणावर उपकार म्हणून करायचं काम नाही.

पण बरीचशी ट्रेनिंगं होतात आणि त्यानंतर ओपीडीत, वर्गात, चौकीत काहीच बदलत नाही. माझ्या मते कारण एकच आहे, दिवसभर ऑटिझमबद्दल बोललं जातं पण ट्रेनिंग घेणारा माणूस उद्या ड्युटीवर स्वतः काय वेगळं करणार ह्यावर कुणी बोलतच नाही. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथूनच येतात.

हॉलमध्ये एकही ऑटिस्टिक माणूस नाही

सगळ्यात मोठी चूक ही. डॉक्टर बोलतात, थेरपिस्ट बोलतात, एखादी आई बोलते आणि सगळ्यांचे डोळे पाणावतात, पण ज्यांच्याबद्दल चाललंय त्यातलं कुणीच नाही. आईवडिलांचं ऐकायलाच हवं, त्यांच्याइतकं मुलाला कोण ओळखतं, पण टाळ्यांचा कडकडाट कानाला नेमका कसा लागतो किंवा मनात उत्तर तयार असून तोंडातून का निघत नाही हे ज्याला होतं तोच सांगू शकतो.

इंग्लंडमध्ये ह्यासाठी आता कायदाच आहे. ऑलिव्हर मॅकगोवन हा १८ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा २०१६ मध्ये ब्रिस्टलच्या हॉस्पिटलमध्ये वारला. फिट्स येत होत्या म्हणून नेलं होतं. आधी अँटिसायकोटिक, म्हणजे मानसिक आजारांवरच्या एका प्रकारच्या औषधांचा त्याला त्रास झालेला होता, त्याने आणि घरच्यांनी ती नकोत म्हणून सांगितलंही होतं, तरी त्याला तसलंच औषध दिलं गेलं. त्याची आई पॉला ह्यांनी त्यानंतर लढा दिला आणि २०२२ च्या आरोग्य कायद्यानुसार तिथे आरोग्य आणि सोशल केअरमधल्या स्टाफला ऑटिझम आणि लर्निंग डिसॅबिलिटीचं (तिकडे ह्याचा अर्थ बौद्धिक दिव्यांगत्व) ट्रेनिंग बंधनकारक झालं. ऑलिव्हरच्या नावाने जो कोर्स चालतो तो शिकवणाऱ्यांमध्ये ऑटिस्टिक लोक असतातच, नुसतं व्हिडिओ बघून तो पूर्ण होत नाही.

आपल्याकडे अडचण सांगतात की "माणूस मिळत नाही". मिळतो. मोठेपणी निदान झालेले कितीतरी जण आज उघडपणे बोलतात, जे तोंडाने बोलत नाहीत त्यातले काही टाइप करून बोलतात. फक्त त्यांना बोलावताना प्रश्न आधी पाठवा, वेळ पाळा, माइकवर ऐनवेळी ढकलू नका, लिहून पाठवलं तर ते वाचून दाखवा, आणि इतर ट्रेनरना जेवढं मानधन देता तेवढंच द्या. "तुमचा अनुभव शेअर करा ना" म्हणून फुकट बोलवायचं आणि डॉक्टरांना पाकीट द्यायचं हे बरोबर नाही.

हेडफोन लावून "ऑटिझमचा अनुभव"

कानात कर्कश आवाज, डोळ्यासमोर झगमगते दिवे, अंगाला टोचणारं कापड, आणि मग सांगायचं की बघा ऑटिझम असा असतो. पाच मिनिटांनी हेडफोन काढतात आणि लोक "बाप रे, बिचारे" म्हणत बाहेर पडतात. दया आली पण उद्या काय करायचं ते कळलं नाही. शिवाय प्रत्येकाचं वेगळं असतं, एकाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही तर दुसरा मुद्दाम मिक्सरजवळ जाऊन उभा राहतो.

त्यापेक्षा तोच अर्धा तास स्वतःच्या इमारतीत फिरा, शक्य असेल तर एखाद्या ऑटिस्टिक व्यक्तीबरोबर. गेटपासून सुरू करा आणि लिहीत जा. फडफडणारी ट्यूबलाइट कुठली, टोकनचा भोंगा किती मोठा, फिनाईलचा वास कुठपर्यंत येतो, बसायला एक तरी कोपरा असा आहे का जिथे मागून कुणी जात नाही, टॉयलेटमधला हँड ड्रायर. ह्यातल्या निम्म्या गोष्टी त्याच आठवड्यात बदलता येतात आणि खर्च जवळजवळ नाही.

"विचारलं तर नीट सांगत नाही"

ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण डॉक्टर, नर्स, शिक्षक, पोलीस सगळेच इथे अडकतात.

काही ऑटिस्टिक मुलं आणि मोठी माणसं सुद्धा ऐकलेले शब्द परत म्हणतात, ह्याला इकोलालिया म्हणतात. आता ओपीडीत डॉक्टर विचारतात, "पोटात दुखतंय की नाही?" मुलगा म्हणतो, "नाही." डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळतात. तोच प्रश्न उलटा करून विचारा, "दुखत नाहीये की दुखतंय?" आणि तो म्हणेल, "दुखतंय." दोन्ही वेळा त्याने शेवटचा शब्द परत म्हटला, म्हणजे दोन्हीतलं एकही उत्तर धरता येत नाही. हे ट्रेनिंगमध्ये एकदा करून दाखवलं की लोक विसरत नाहीत, पीपीटीवरची व्याख्या मात्र चहाच्या आत विसरतात.

मग करायचं काय? पर्याय तोंडी न देता समोर ठेवा, शरीराचं साधं चित्र काढून "दाखव" म्हणा, दोन कार्डं ठेवा. एका वेळी एकच प्रश्न, आणि विचारल्यावर गप्प बसा. मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपण काय करतो, दोन सेकंदात उत्तर नाही आलं की तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारतो, आपल्याला वाटतं सोपं केलं, पण समोरच्याला आता पहिला सोडून दुसरा प्रश्न समजून घ्यायला लागतो. मग आई उत्तर देते आणि मुलगा राहूनच जातो. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याकडे बऱ्याचदा टॅबवर किंवा फोनवर बोलायचं अ‍ॅप असतं, आयआयटी मुंबईत बनलेलं जेलो हे असंच एक, त्यात मराठी पण आहे. तो टॅब म्हणजे त्याचा आवाज आहे. "आधी मोबाईल ठेव" म्हणून काढून घेऊ नका.

आणि जो बोलत नाही त्याला समजत नाही असं धरून त्याच्यासमोर "ह्याचं पुढे काय होणार", "किती गंभीर केस आहे" असलं बोलणं तर पूर्ण बंद. तो ऐकत असतो.

पोलिसांसाठी हेच जास्त धोक्याचं आहे. नजर मिळवत नाही म्हणजे खोटं बोलतोय, उत्तर देत नाही म्हणजे माज, आणि घाबरून प्रत्येक गोष्टीला "हो" म्हणाला तर ती कबुली, असं धरलं जातं. दोघांनी एकाच वेळी ओरडून वेगवेगळ्या सूचना देऊ नयेत, एकानेच बोलावं, छोटी वाक्यं, आणि घरच्या किंवा ओळखीच्या माणसाला आधी बोलवावं.

"अचानक बिथरला, ऑटिझममुळेच असणार"

नेहमी शांत असणारा मुलगा दोन दिवसांपासून डोकं आपटतोय आणि पेपरवर लिहिलं जातं की वागणुकीची समस्या, सायकियाट्रीला पाठवा. आधी दात बघा, कान बघा, बद्धकोष्ठता आहे का विचारा, मुलींमध्ये पाळी सुरू होतेय का ते बघा, झोप आणि फिट्सचं विचारा. सगळ्यांनाच दुखणं नेमकं कुठे आहे हे सांगता येत नाही, काहींना ते शरीरात नीट जाणवत पण नाही, त्यामुळे "दुखत असतं तर रडला असता" हे गृहीत धरू नका. आई म्हणते ना "डॉक्टर, हा असा कधीच करत नाही", ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या, त्याच्याइतकी कामाची माहिती दुसरी मिळणार नाही.

"रक्त काढू देत नाही, चौघांनी धरलं"

आज रक्त निघेल, पण पुढची कित्येक वर्षं तो हॉस्पिटलच्या पायऱ्या चढणार नाही. त्यापेक्षा सकाळचा पहिला नंबर द्या. सुन्न करणारं क्रीम लावायचं असेल तर साधारण तासभर आधी लावायला लागतं, ते फोनवरच सांगा. रबरी पट्टा त्याच्या हातात द्या, स्वतः ओढून बघू दे. स्पिरिटचा गार बोळा लावायच्या आधी सांगा की गार लागेल. खोलीत एकानेच बोलायचं. "काही नाही होत, झालं झालं" म्हणू नका कारण होतं, टोचतं, आणि पुढच्या वेळी तो तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही. "पाच मोजेपर्यंत टोचेल" म्हणालात तर पाचलाच थांबा, नस नाही सापडली तरी सुई काढा आणि परत विचारा. घाईची केस नसेल तर दुसऱ्या दिवशी बोलवायला काय हरकत आहे?

"आमच्याकडे तर अगदी शांत असतो"

शाळेतून हे हमखास ऐकायला मिळतं, आणि मग घरी रोज संध्याकाळी जे कोसळणं होतं त्याचं खापर आईवर. दिवसभर सगळं दाबून धरलेलं असतं ते घरी बाहेर येतं. मुली हे दाबून धरणं जास्त करतात, म्हणून त्यांचं निदान उशिरा होतं किंवा होतच नाही, कितीतरी बायकांना स्वतःच्या मुलाचं निदान झाल्यावर स्वतःबद्दल कळलंय. शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये फक्त हात हलवणाऱ्या, न बोलणाऱ्या मुलाचा व्हिडिओ दाखवला तर वर्गातली ती हुशार, गप्प, डबा न खाणारी मुलगी कुणाला दिसणारच नाही.

ह्याच्याच जोडीला एक, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी आपल्याकडे आयएसएए नावाचं स्केल वापरतात, ४० मुद्दे, ७० ते १०६ स्कोअर म्हणजे सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्याच्यावर तीव्र. "सौम्य आहे ना, मग जमेल त्याला" असं वाचू नका. सौम्य लिहिलेल्या माणसाला सुद्धा भरलेल्या लोकलमधून ऑफिसला पोचल्यावर अर्धा तास बोलता येत नसेल.

"डोळ्यात बघ" हे थेरपीचं ध्येय असेल तर ते काढून टाका, बऱ्याच जणांच्या डोळ्यात बघताना बोलणं डोक्यात शिरत नाही. बस, ह्यावर आणखी काही नाही.

सगळा दोष समोरच्याचा

ट्रेनर सांगतात की ऑटिस्टिक लोकांना दुसऱ्याचं मन कळत नाही, आणि पुढचा दिवसभर त्यांच्यातली कमतरता मोजत बसतात. डेमियन मिल्टन ह्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्हीकडून असतं. २०२० मध्ये एडिनबर्गच्या संशोधकांनी कानगोष्टीसारखा प्रयोग केला, एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला निरोप द्यायचा, तर ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत निरोप इतरांच्या साखळीइतकाच नीट पोचला. मग संवाद जमत नसेल तर तो जमवायचं अर्धं काम प्रोफेशनलकडेच येतं.

ट्रेनिंग झालं, महिन्याने सगळं जैसे थे

पहिलं कारण, फक्त डॉक्टर आणि शिक्षकांना बसवलं. पेशंटला सगळ्यात आधी भेटतो तो वॉचमन, मग केसपेपरची खिडकी, मग वॉर्डातल्या मावशी. त्यांना वगळू नका, वीस मिनिटांचं वेगळं सेशन घ्या, त्यांच्या भाषेत. मावशींना दोन गोष्टी कळल्या, की अंगाला हात लावायच्या आधी सांगायचं आणि रांगेत उभं राहणं जमत नसेल तर फोन नंबर घेऊन बाहेर थांबू द्यायचं, तरी निम्मी भांडणं होत नाहीत.

दुसरं, एका दिवसात सगळं कोंबलं. दोन छोटी सेशन्स ठेवा, मध्ये महिनाभराचं अंतर, आणि पहिल्याच्या शेवटी प्रत्येकाने लिहून द्यायचं की मी कुठली एक गोष्ट बदलणार. दुसऱ्यात फक्त त्यावरच बोला, काय जमलं, कुठे अडलं, सिनियर काय म्हणाले.

तिसरं, स्टाफ बदलतो. रेसिडेंट डॉक्टर दर थोड्या महिन्यांनी दुसऱ्या वॉर्डात जातात, शिक्षकांच्या बदल्या होतात, आणि नव्या माणसासमोर आईला परत पहिल्यापासून सगळं सांगायला लागतं. म्हणून केसपेपरच्या पहिल्याच पानावर चार ओळी चिकटवा: कसा बोलतो, कशाचा त्रास होतो, दुखलं की काय करतो, आणि शांत व्हायला काय लागतं. ह्या ओळी त्याला विचारून, नाही जमलं तर घरच्यांना विचारून लिहायच्या, आणि दर भेटीत त्या अजून बरोबर आहेत का तेही विचारायचं.