बेरोजगारीचा आकडा कसा वाचावा

लोकसंख्येत 2023 साली भारताने चीनला मागे टाकलं. एवढ्या हातांना काम मिळतंय का, हे पाहायचं तर सरकारचं रोजगाराविषयीचं नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण (PLFS) उघडा. नुसत्या बातमीच्या मथळ्यावर विसंबू नका.

आधी तीन आकडे शेजारी मांडा. 2023-24 मध्ये 15 वर्षांवरील शंभरांपैकी 60.1 जण श्रमशक्तीत, म्हणजे काम करणारे किंवा काम शोधणारे, होते आणि 58.2 जणांना काम होतं. फरक 1.9. त्याला 60.1 ने भागलं की बेरोजगारी येते 3.2 टक्के. जे काम शोधतच नाहीत, ते या भागाकारात येतच नाहीत. म्हणून सहभागाचा दर, म्हणजे तो 60.1 चा आकडा, आधी बघायचा.

मग मोजपट्टी तपासा. वार्षिक मथळ्यात बहुधा ‘नेहमीची स्थिती’, म्हणजे गेल्या वर्षभराचा हिशेब, असते; 2025 पासूनच्या मासिक पत्रकात ‘चालू साप्ताहिक स्थिती’, म्हणजे आठवड्यात एक तास काम केलं तरी रोजगार. या दोन्हींची तुलना केली की हमखास फसगत होते.

आता खरी मेख. घरच्या रानात दिवसभर कापूस वेचणारी सून एक रुपया हाती न येताही ‘रोजगारात’ धरली जाते. त्यामुळे ‘विनामोबदला मदतनीस’ हा रकाना बायकांसाठी वेगळा काढाच. 2023-24 मध्ये शेतीत सुमारे 46 टक्के कामकरी होते, पण मूल्यवर्धनात, म्हणजे देशात निर्माण होणाऱ्या एकूण मूल्यात, शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आसपास. आपली सर्वांत मोठी अडचण हीच.

शेवटी 15 ते 29 वयोगट पाहा: 2023-24 मध्ये तिथे बेरोजगारी 10.2 टक्के होती.